प्रकल्प संपला की रुग्ण-सल्लागारांचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्य संशोधनात रुग्णांना सामील करून घेण्याबद्दलचा लेख आपल्या दैनिकात अलीकडेच वाचला. लेख चांगला होता. रुग्णाचं म्हणणं ऐकावं, प्रश्नावली आधी त्याला दाखवावी, समितीत त्याला खुर्ची द्यावी, हे सगळं त्यात होतं. पण लेख खुर्ची देण्यापाशीच थांबला. त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे मला लिहायचं आहे. मी तिथे बसले आहे आणि ती खुर्ची हळूच काढून घेतली जाते तेव्हा कसं वाटतं तेही मला माहीत आहे.

मला बरीच वर्षं संधिवात आहे. वय झालं की गुडघे धरतात तो नव्हे. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते तो, डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड म्हणतात. नोकरी जन्मभर हिशेब खात्यात केली, निवृत्तही तिथूनच झाले. एका संशोधन गटाला रुग्ण-सल्लागार हवे होते, तेव्हा आम्ही काही जण तयार झालो. ट्रायल, म्हणजे उपचाराची रुग्णांवर होणारी चाचणी, काय असते हे ढोबळमानाने ठाऊक होतं, बाकी सगळं तिथेच शिकले.

सुरुवातीच्या बैठकांतली एक अजून लख्ख आठवते. पडद्यावर माणसाची आकृती होती आणि सांध्यांच्या जागी गोल काढलेले. या आजाराचा जोर किती आहे हे ठरवताना डॉक्टर सहसा २८ सांधे दाबून बघतात: खांदे, कोपरं, मनगटं, हातांच्या बोटांचे सांधे आणि गुडघे. ही मोजणी जगभर चालते. तिच्यात घोटे नाहीत, पावलं नाहीत. आमच्यातल्या एक बाई शिक्षिका होत्या. त्यांनी चप्पल काढून पाऊल टेबलाच्या बाजूला पुढे केलं. बोटं एकमेकांवर चढलेली, तळव्याचा पुढचा भाग फुगलेला. म्हणाल्या, "मग हे कुणी मोजायचं?" खोलीत हशा पिकला, पण उत्तर द्यावं लागलंच. संशोधक बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं की पावलांची सूज हाताला नीट कळत नाही, शिवाय २८ सांध्यांची मोजणी दवाखान्याच्या घाईत उरकते. रुग्णाला चालता येतं का, यापेक्षा मोजणाऱ्याची सोय मोठी ठरली होती असं मी म्हटलं, तर त्या बाईंनी मान डोलावली. त्या दिवशी पावलांसाठी वेगळे प्रश्न घालायचं ठरलं. उठल्यावर पहिलं पाऊल टेकवताना काय होतं, जिना चढताना त्रास जास्त की उतरताना, असे. ते प्रश्न आम्ही बसून शब्द न् शब्द लिहिले.

रुग्ण बोलले आणि शास्त्रात बदल झाला, याचा मोठा दाखला याच आजारात आहे. संधिवाताच्या अभ्यासांत नेमकं काय मोजायचं हे ठरवणारा 'ओमेरॅक्ट' नावाचा आंतरराष्ट्रीय गट १९९२ पासून काम करतो. तिथे २००२ मध्ये पहिल्यांदा रुग्णांना तज्ज्ञांच्या बरोबरीने बसवलं, आणि त्यांनी थकव्याचा विषय लावून धरला. सांधे दुखतात ते दुखतातच, पण हा थकवा झोप काढूनही जात नाही आणि तुमच्या तक्त्यांत तो कुठेच नाही, असं त्यांचं म्हणणं. खरंच नव्हता. ठरलेल्या यादीत वेदना होती, सूज होती, रक्ताच्या तपासण्या होत्या. पुढे २००६ मध्ये त्याच गटाने शिफारस केली की या आजाराच्या अभ्यासांत जमेल तिथे थकवाही मोजावा. मधली चार वर्षं गटाने विषय सोडला नाही आणि रुग्णांनाही सोडलं नाही. एका बैठकीत टाळ्या घेऊन हे झालं नसतं.

आमच्याकडे काय झालं? ग्रँट, म्हणजे प्रकल्पाला मिळालेला निधी, संपली. शेवटच्या बैठकीत आभाराचं भाषण झालं, फोटो निघाला, 'आपण संपर्कात राहूच' म्हणत सगळे उठले. आमच्याशी बोलणारी, तारखा ठरवणारी, लिफ्ट बंद असली की आदल्या दिवशी फोन करून सांगणारी समन्वयक मुलगी कंत्राटावर होती. तिचं कंत्राटही त्याच महिन्यात संपलं. तिच्या इमेलवर लिहिलं, तर असा पत्ताच नाही म्हणून मशीनचं उत्तर परत आलं. मुख्य संशोधकांना लिहिलं. विश्लेषण चालू आहे, कळवू, असं त्यांनी कळवलं. नंतर तेही बंद. पावलांच्या प्रश्नांची उत्तरं लोकांनी भरली का, त्यातून काही निघालं का, मला आजतागायत माहीत नाही. 'गरज सरो, वैद्य मरो' म्हणतात. इथे वैद्याच्या जागी रुग्ण होता, इतकंच.

पुढचं लिहावं की नाही यावर मी विचार केला, पण लिहिते. बऱ्याच काळाने त्याच संस्थेतून नव्या प्रकल्पाचं निमंत्रण आलं. जुनी यादी काढून सरसकट सगळ्यांना पाठवलेलं. त्या शिक्षिका बाई मधल्या काळात गेल्या होत्या. 'आपल्या बहुमोल अनुभवाचा लाभ' वगैरे मजकुराचं ते निमंत्रण त्यांच्याही नावाने गेलं आणि त्यांच्या यजमानांनी उघडलं. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. दीर्घ आजाराची माणसं बोलावली की त्यातली काही खंगणार, काही जाणार, हे उघड आहे. पण ते कळायला मध्ये कुणीतरी विचारपूस करावी लागते, आणि ती कुणाच्याच कामात बसवलेली नव्हती.

मग माझ्यातली हिशेबनीस जागी झाली. नव्या प्रकल्पाला होकार देण्याआधी मी अंदाजपत्रक बघायला मागितलं. थोडी कुरकुर झाली, पण दाखवलं. 'रुग्ण सहभाग' असं वेगळं शीर्ष होतं आणि त्याखाली बैठका, प्रवास, मानधन. रक्कम वाईट नव्हती. खटकल्या त्या तारखा. खर्च सुरू होतो निधी मंजूर झाल्यावर आणि थांबतो प्रकल्पाच्या अखेरच्या दिवशी. आता संशोधनाचा प्रश्न कोणता, कुणाला घ्यायचं, काय मोजायचं, हे सगळं प्रस्तावातच लिहावं लागतं, म्हणजे निधी येण्याच्या आधी. आणि शोधनिबंध छापून येतो तो बहुतेक वेळा प्रकल्प संपल्यानंतर, कधी वर्षाने, कधी त्याहूनही उशिरा. तेव्हा ठरवायच्या वेळी आमच्यासाठी पैसे नाहीत आणि निकालाच्या वेळीही नाहीत. मधल्या काळापुरते मात्र आम्ही भागीदार! हिशेब खात्यात अशा माणसाची नोंद आम्ही हंगामी कामगारांत केली असती.

यात नुसता आमच्या मानापमानाचा प्रश्न नाही. इयन चाल्मर्स आणि पॉल ग्लासझिऊ या वैद्यकीय संशोधकांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं होतं की वैद्यकीय संशोधनात घातलेल्या पैशापैकी सुमारे ८५ टक्के पैसा टाळता येण्याजोग्या कारणांनी वाया जातो. त्यांनी दिलेलं पहिलंच कारण असं, की विचारलेला प्रश्न रुग्णांच्या आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांच्या कामाचा नसतो. आणखी एक कारण, की निष्कर्ष पूर्णपणे बाहेरच येत नाहीत. एक गळती सुरुवातीला, एक शेवटी, आणि नेमकं त्याच दोन ठिकाणी आमच्या नावापुढे शून्य. लेखापरीक्षकाने याच्यावर लाल पेन्सिल आधी मारली असती.

गुडघ्याच्या झिजेचंच बघा. २००० साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका तुलनेत असं दिसलं होतं की छापून आलेलं संशोधन बहुतांशी औषधांवर होतं. रुग्णांना विचारलं, तर त्यांना शस्त्रक्रिया, फिजिओथेरपी आणि आजारासकट कसं राहायचं याची माहिती यांवर उत्तरं हवी होती. अशी दरी भरून काढायला ब्रिटनमध्ये २००४ साली जेम्स लिंड अलायन्स सुरू झाली. तिथे रुग्ण, त्यांची काळजी घेणारे आणि डॉक्टर एकत्र बसून एखाद्या आजारातले न सुटलेले दहा महत्त्वाचे प्रश्न ठरवतात. पद्धत मला फार पटते. पण यादी झाल्यावर ती करणारा गटच पांगला, तर त्या दहांपैकी कुठल्या प्रश्नाला पुढे कुणी हात घातला याचा पाठपुरावा कोण करणार?

ज्या भागीदाऱ्या टिकल्या, तिथे रुग्णांच्या हातात काहीतरी होतं. नुसतं निमंत्रण नव्हतं. एड्सच्या रुग्णांनी १९८३ मध्येच डेन्व्हरला जाहीर केलं होतं की निर्णयाच्या प्रत्येक पातळीवर आम्ही असू. पुढे अमेरिकेत 'ॲक्ट अप' या एड्सविषयीच्या चळवळीच्या कार्यकर्त्यांनी १९९० च्या मे महिन्यात तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या आवारात मोठी निदर्शनं केली. एकीकडे घोषणा आणि दुसरीकडे विषाणू, औषधं, चाचण्यांचे आराखडे यांचा अभ्यास, असं त्यांचं दुहेरी काम होतं. मग सरकारी औषधचाचण्यांच्या समित्यांत त्यांना जागा मिळाल्या. त्या जागा एका ट्रायलपुरत्या नव्हत्या, चाचण्यांच्या अख्ख्या जाळ्यात होत्या. त्यामुळे एक ट्रायल संपली तरी माणसं खोलीतच राहिली.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं, कारण त्यात मोर्चा नाही, चिवटपणा आहे. शॅरन आणि पॅट्रिक टेरी या दांपत्याच्या दोन्ही मुलांना १९९४ मध्ये पीएक्सई नावाचा दुर्मीळ आनुवंशिक आजार निघाला. यात त्वचा, डोळे आणि रक्तवाहिन्यांतले लवचीक तंतू कडक होत जातात. एका संशोधक गटाने मुलांचं रक्त नेलं. लगेच दुसरा गट तेच मागायला आला. तुम्ही आपसात वाटून का घेत नाही, असं आईबापांनी विचारलं, तेव्हा कळलं की तशी रीतच नाही. दोघांपैकी कुणीही वैज्ञानिक नव्हतं. १९९५ मध्ये त्यांनी रुग्णांची संस्था काढली आणि नमुने संस्थेच्याच ताब्यात ठेवले. ज्याला संशोधन करायचं त्याने संस्थेकडे यायचं आणि अटी मान्य करायच्या. २००० मध्ये या आजाराचं जनुक सापडलं, आणि त्याच्या पेटंटवर शोधकर्त्यांत शॅरन टेरी यांचंही नाव लागलं. कुठल्याही एका प्रयोगशाळेचा निधी आटला म्हणून तिथे सगळं विस्कटण्याचा प्रश्न नव्हता.

याच्या उलट प्रकार कॅनाव्हन या लहान मुलांच्या मेंदूच्या आजारात झाला. पालकांनी मुलांचं रक्त दिलं, मूल गेल्यावर ऊती दिल्या, पदरचे पैसेही दिले. १९९३ मध्ये जनुक सापडलं. १९९७ मध्ये संशोधन करणाऱ्या रुग्णालयाला त्याचं पेटंट मिळालं आणि पुढे त्या तपासणीवर शुल्क आणि बंधनं आली. पालकांना हे नंतर कळलं, प्रकरण कोर्टात गेलं. त्यांचा विश्वास होता, आपुलकी होती, पण कागद नव्हता.

संशोधकांची अडचण मला दिसत नाही असं नाही. त्यांच्यातले बरेच जण स्वतःच कंत्राटावर असतात. बढतीसाठी निबंध मोजतात, फोन मोजत नाहीत. एक ग्रँट संपत आली की रात्रंदिवस दुसरीचा प्रस्ताव चालू असतो, आणि जुन्या रुग्णांशी बोलण्याचा वेळ कुठल्या प्रकल्पाच्या नावावर टाकायचा हा त्यांच्यापुढे खरोखरचा पेच असतो. म्हणूनच मी म्हणते की चांगल्या स्वभावाच्या संशोधकावर हे सोडून चालणार नाही. आमच्या संशोधक बाई चांगल्याच होत्या.

आमच्या बाजूनेही सगळं सुरळीत नसतं. आजार उसळला की आठवडेच्या आठवडे जातात, पेन धरवत नाही, मग बैठक कसली. युरोपातल्या संधिवात संघटनेने, म्हणजे युलारने, २०११ मध्ये शिफारस केली होती की प्रत्येक प्रकल्पात किमान दोन रुग्ण-भागीदार असावेत. यातलं शहाणपण मला अनुभवाने कळतं. एक आजारी पडला तर दुसरा असतो, आणि पंधरा तज्ज्ञांत एकट्याने तोंड उघडणं सोपं नसतं. काही गोष्टी तर बिनपैशाच्या आहेत. संधिवाताच्या रुग्णांची बैठक सकाळी नऊला ठेवली होती, जेव्हा आमची बोटं वळायलाही तयार नसतात. आम्ही सांगितल्यावर ती दुपारी गेली. मानधनाचं मात्र नीट विचारून करावं. काही देशांत असं मानधन घेतलं तर आजारपणाचा भत्ता कापला जाण्याची भीती असते, आणि मग माणसं भिडेपोटी काही न बोलता यायची थांबतात.

कुणी म्हणेल, तेच ते रुग्ण वर्षानुवर्षं ठेवले तर ते अर्धे संशोधक होतात, आणि सामान्य रुग्णाचं म्हणणं त्यांच्या तोंडून कसं येणार? आक्षेप खोटा नाही. चाचणीत शेवटी काय मोजायचं त्याला मी स्वतः आता बैठकीत 'एंडपॉइंट' म्हणते, माझ्या बहिणीला ते हास्यास्पद वाटतं. माणसं बदलावीत. पण जुन्याने नव्याला चार बैठका बरोबर बसवून मग जावं. दर वेळी सगळेच नवे असले, तर जुनी आश्वासनं कुणाच्याच लक्षात राहत नाहीत, आणि ते कुणाच्या सोयीचं आहे हे सांगायला नको.

नव्या प्रकल्पाला मी होकार दिला, पण दोन मागण्या लेखी घालून. एक, निष्कर्ष हाती आल्यावर छापून येण्याआधी आम्हा सल्लागारांना आणि छापून आल्यावर भाग घेतलेल्या प्रत्येकाला साध्या भाषेत पत्राने कळवायचे, आणि त्या टपालाचा खर्च आत्ताच बाजूला काढायचा. ही मान्य झाली. दुसरी अशी, की रुग्णांशी संपर्क ठेवणारी एक व्यक्ती प्रकल्पाच्या नव्हे, संस्थेच्या पगारावर असावी. अर्धवेळ चालेल. दोन ग्रँटांच्या मधल्या रिकाम्या काळात तिने फोन करावेत, यादी ताजी ठेवावी, कोण आजारी आहे, कोण गेलं, कुणाला आता थांबायचंय, हे बघावं, आणि पुढच्या प्रस्तावाचं पहिलं पान लिहिलं जात असताना आम्हाला बोलवावं. खर्चाच्या दृष्टीने ही फार मोठी मागणी नाही, एखाद्या उपकरणाच्या वार्षिक देखभालीला कुणी हरकत घेत नाही. ती 'विचाराधीन' आहे. सरकारी-निमसरकारी कागदांत हा शब्द मी जन्मभर वाचला आहे, तेव्हा मी पुन्हा पत्र टाकणार आहे.

त्या पत्रात हेलसिंकी जाहीरनाम्याचा आधार देणार आहे. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नीती सांगणारा हा जाहीरनामा १९६४ चा. २०२४ मध्ये त्यात जी सुधारणा झाली, तिच्यात म्हटलं आहे की संशोधनात भाग घेणाऱ्यांशी आणि त्यांच्या समाजाशी अर्थपूर्ण संवाद संशोधनाच्या आधी, दरम्यान आणि नंतरही असावा. आधी आणि नंतर! माझ्या अंदाजपत्रकातल्या कोऱ्या जागा याच.

संपादक महोदय, एक विनंती आपल्यालाही. 'नवे संशोधन' म्हणून आपल्या आरोग्य पानावर बातम्या येतात, त्या मी आवडीने वाचते. त्या बातमीदारांना सांगा की संशोधकांना एक जादा प्रश्न विचारावा: ज्यांच्यावर हा अभ्यास झाला, त्यांना निष्कर्ष कळवले का, आणि कधी? उत्तर बातमीच्या शेवटी एका ओळीत छापा. उत्तर 'नाही' असलं तरी छापा. 'लवकरच कळवू' असं आलं, तर तारीख विचारा.

आपली,
एक रुग्ण-सल्लागार
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)